डोंबिवलीला घर, बीकेसीला नोकरी: नवीन माणसाने रोजचा लोकलचा प्रवास कसा बसवायचा

दरवर्षी जून-जुलै आला की सातारा, जळगाव, लातूर, कोकण कुठून कुठून मुलंमुली मुंबईत नोकरीला येतात, ऑफिस असतं बीकेसी (वांद्रे-कुर्ला संकुल) नाहीतर लोअर परळ नाहीतर ऐरोलीला आणि घर परवडतं ते डोंबिवली-बदलापूरला, मग पहिल्या आठवड्यातच रडकुंडीला येतात की हे रोज कसं करायचं. होतं सगळं, पण त्याला एक पद्धत आहे. मी डोंबिवलीची, ऑफिस बीकेसीत, त्यामुळे उदाहरणं त्याच रस्त्याची देतेय, पण विरार किंवा पनवेलवाल्यांनीही स्टेशनांची नावं बदलून वाचलं तरी चालेल.

सुरुवातीलाच एक सांगते कारण बाकी सगळं त्यावरच आहे. इथे माणूस दमतो तो किलोमीटरने नाही, गाडी बदलून दमतो. आमच्या वडिलांच्या पिढीत सगळे सकाळी व्हीटी (आताचं सीएसएमटी) नाहीतर चर्चगेटला जायचे आणि संध्याकाळी परत, एकच गाडी, एकदा चढलं की शेवटच्या स्टेशनला उतरायचं. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या, त्या जागेवर काचेची ऑफिसं आली, मिठी नदीकाठच्या दलदलीवर बीकेसी उभं राहिलं, पवई, सीप्झ, ऐरोली वाढलं, आणि राहणारी माणसं मात्र लांब लांब सरकत गेली. आता सकाळी सरळ जाणारा माणूस कमी, आडवा जाणारा जास्त. म्हणून आजची खरी मारामारी घाटकोपर, कुर्ला, दादर, ठाणे इथल्या पुलांवर आणि जिन्यांवर असते. ज्या काकांनी फोर्टला तीस वर्षं नोकरी केली त्यांचा सल्ला जरूर ऐका, पण तुमच्या रूटला तो निम्माच लागू होतो.

घर बघताना

एजंटला सगळे एकच विचारतात, स्टेशन किती लांब? तो म्हणतो दहा मिनिटं. जाहिरातीत तर अजून जवळ असतं. कल्याण-शीळ रस्त्यावर मोठमोठे टॉवर झालेत, घरं चांगली आहेत, पण त्या रस्त्यावर मेट्रो १२ चं काम चालू आहे आणि सकाळी साडेसातला तिथून डोंबिवली स्टेशन गाठायला किती लागतं ते रविवारी दुपारी फ्लॅट बघायला गेल्यावर कळत नाही. कामाच्या दिवशी, ऑफिसला निघायच्या वेळेला एकदा तिथे जाऊन उभे राहा. शेअर रिक्षाची लाइन किती लांब आहे ती बघा. चालत स्टेशनला जाता येईल असं जुनं, लिफ्ट नसलेलं घर मिळत असेल तर मी तेच घेईन, हे माझं मत, घरच्यांना पटेलच असं नाही.

दुसरं बघायचं ते म्हणजे तुमच्या स्टेशनवरून गाडी सुटते का, म्हणजे तिथूनच सुरू होते का. सीएसएमटीपासून ठाणे ३४ किलोमीटर, डोंबिवली ४८, बदलापूर ६८. नकाशावर बदलापूर भयंकर लांब वाटतं, पण तिथून सुटणारी गाडी मिळाली तर बसून जाता येतं, आणि ठाण्याला राहणारा माणूस मागून भरून आलेल्या फास्टमध्ये (मोजक्याच स्टेशनांना थांबणारी गाडी) दारातच चेपलेला असतो. ठाण्याहून सुटणारी स्लो पकडली तर त्याचीही सोय होते. सांगायचं एवढंच की सुटणारी गाडी असेल तर वीस किलोमीटर जास्त चालतात, आणि एक बदल वाढला तर पाच किलोमीटर कमी असूनही काही उपयोग नाही. एका बदलामागे पंधरा-वीस मिनिटं धरून चला, गर्दीत त्याहून कमी लागत नाहीत.

ऑफिस ऐरोली, घणसोली, तुर्भे अशा बाजूला असेल तर प्रश्नच वेगळा, ठाण्याला उतरून ट्रान्स हार्बर (ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणारी लोकल) पकडायची, ती ९, १० नंबरला लागते. २०२४ च्या जानेवारीपासून मध्ये दिघा गाव हे नवीन स्टेशनही झालंय, ऑफिस त्या बाजूला असेल तर बघून ठेवा.

पास आणि तिकीट

रोज जायचं तर पासच काढा, रोजचं तिकीट काढत बसू नका. महिन्याचा, तीन महिन्यांचा, सहा महिन्यांचा, वर्षाचा असे मिळतात. नोकरी नक्की टिकणार असं वाटेपर्यंत महिन्याचा, मग तिमाही. खिडकीवर जाताना ओळखपत्र न्या, पासवर त्याचा नंबर येतो आणि टीसी पास बघताना तेही मागू शकतो. मोबाइलवर काढलात तर त्या अ‍ॅपमध्येच दाखवावा लागतो, स्क्रीनशॉट चालत नाही. आणि स्टेशनात शिरल्यावर, गाडीत बसल्यावर मोबाइलवर तिकीट काढू असा विचार असेल तर ते निघत नाही, आधी बाहेर असतानाच काढायचं. विनातिकीट सापडलात तर भाडं अधिक २५० रुपये दंड. सेकंड क्लासचं तिकीट ५ रुपयांपासून सुरू होतं, त्यासाठी अडीचशे घालवण्यात काही अर्थ नाही.

पास कुठून कुठपर्यंत काढायचा याचा जरा विचार करा. दादरला बदलून वांद्र्याला जाणार असाल तर पास व्हाया दादर वांद्र्यापर्यंतचा एकच निघतो. आणि तुम्ही डोंबिवलीचे असून सकाळी उलटं कल्याणला जाऊन तिथून बसून येणार असाल (येणार, सगळेच कधी ना कधी येतात) तर पास कल्याणपासूनचा काढा. डोंबिवलीचा पास घेऊन कल्याणहून येणाऱ्या गाडीत बसलेलं टीसीला बरोबर कळतं, तो कल्याणच्या प्लॅटफॉर्मवरच उभा असतो. दोन्ही पासांत फरक फार नसतो.

फर्स्ट क्लासचा पास सेकंडच्या काही पट पडतो आणि सकाळी तिथेही उभंच राहायचंय, तेव्हा पहिल्या पगारात तो घेऊ नका. २०२२ च्या मे महिन्यात फर्स्ट क्लासचं आणि एसी लोकलचं एकेरी तिकीट जवळपास निम्म्यावर आणलं, तेव्हापासून एसीला गर्दी वाढली. एसी गाड्या मोजक्या आहेत, वेळ पाठ पाहिजे, चुकली तर पुढची बराच वेळ येत नाही. नुसता फर्स्ट क्लासचा पास एसीत चालत नाही हेही लक्षात ठेवा, बरेच नवीन लोक तिथेच पकडले जातात.

पहिल्या दिवसाआधी एक ट्रायल

जॉइनिंगच्या दोन-तीन दिवस आधी एकदा पूर्ण रस्ता करून बघा, त्याच वेळेला, ऑफिसच्या गेटपर्यंत. रविवारी नको. रविवारी गर्दी वेगळी, गाड्या कमी आणि वर मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास मार्ग बंद), काहीच कळणार नाही.

मोबाइलमध्ये एम-इंडिकेटर टाकून घ्या, टाइमटेबल त्यात बघायचं, आणि रेल्वेचं यात्री अ‍ॅप, त्यात गाडी आत्ता कुठे आहे ते दिसतं. इथे लोकलला नाव नसतं, वेळ असते. ऑफिसात लोक म्हणतील मी आठ-दोनची, मी आठ-चौदाची. तुम्हीही तुमच्या तीन गाड्या ठरवा: एक नेहमीची, एक तिच्या आधीची आणि एक ती चुकली तर शेवटची, जिच्यानंतर लेट मार्क नक्की. यापेक्षा जास्त पाठ करायची गरज नाही.

प्लॅटफॉर्मवरचा इंडिकेटर वाचायला शिका. त्यावर गाडी कुठे जाणार, स्लो की फास्ट, किती मिनिटांत, आणि १२ डब्यांची की १५ डब्यांची एवढं सगळं असतं. घोषणेत धीमी म्हणजे स्लो, जलद म्हणजे फास्ट. सीएसएमटीकडे जाते ती अप, तिकडून येते ती डाऊन. फास्ट म्हणजे सगळ्या फास्ट सारख्या नाहीत, काही कुर्ल्याला, घाटकोपरला थांबत नाहीत, काही ठाण्यापर्यंत फास्ट आणि पुढे स्लो असतात, तेव्हा चढायच्या आधी शेजारच्याला विचारा, "दादा, कुर्ला घेणार का ही?" कुणीही सांगतं. मुंबईत लोक रस्ता सांगायला कंटाळत नाहीत, फक्त थांबून सांगत नाहीत, चालता चालता सांगतात.

आणि १२-१५ चा आकडा उगाच नाहीये. १५ डब्यांची गाडी लांब असते, त्यामुळे डबे प्लॅटफॉर्मवर वेगळ्या ठिकाणी येतात. तुम्ही रोजच्या जागेवर लेडीज डब्यासाठी उभ्या आणि समोर येऊन थांबतो लगेजचा डबा, त्यात मासळीच्या टोपल्या नि भाजीची पोती, मग पळापळ.

कुठे उभं राहायचं

हे ज्याला जमलं त्याचा निम्मा प्रवास झाला. चढायला सोपा डबा शोधू नका, उतरल्यावर पुलाच्या जिन्यासमोर येईल तो डबा शोधा. कुर्ल्याला उतरणार तर कुर्ल्याचा जिना कुठल्या डब्यासमोर येतो ते दोन दिवस बघा, मग डोंबिवलीला बरोबर त्याच डब्याशी उभे राहा. जिन्यासमोर उतरलात तर लोंढ्याच्या पुढे असता, चार डबे मागे उतरलात तर जिन्याच्या तोंडाशी पाच-सात मिनिटं नुसतं मुंगीच्या गतीने सरकायचं. अर्थात हे सगळ्यांनाच माहीत असल्यामुळे तोच डबा सगळ्यात भरलेला असतो. मी एक डबा सोडून बाजूला उभी राहते, थोडं चालावं लागतं पण श्वास घेता येतो.

फर्स्ट क्लासच्या डब्यावर लाल-पिवळे तिरके पट्टे असतात, गर्दीत चुकून त्यात शिरू नका. दिव्यांगांचा डबा वेगळा असतो, तो मोकळा दिसला तरी आपला नाही. गरोदर बाई आणि कॅन्सरचे पेशंट त्यात जाऊ शकतात. लेडीज डब्यांपैकी काहींवर वेळ लिहिलेली असते, ती वाचा, त्या वेळेबाहेर तो डबा सगळ्यांचा होतो.

चढताना

गाडी स्टेशनात वीस-तीस सेकंद थांबते. तेवढ्यात उतरणारे उतरणार आणि चढणारे चढणार. त्यामुळे तयारी आधीच करायची: सॅक पोटावर, मोबाइल आतल्या खिशात किंवा बॅगेत चेन लावून, ओढणी बांधलेली, लोंबते कानातले काढलेले, हात दोन्ही मोकळे. इअरफोन चढेपर्यंत नकोत, मागून कोण काय ओरडतंय ते ऐकू आलं पाहिजे. पायात पकडणारी चप्पल नाहीतर बूट, सटकणारी चप्पल एकदा रुळावर गेली की गेली.

डोंबिवलीला सकाळी उतरणारे थोडेच, म्हणून लोक गाडी पूर्ण थांबायच्या आधीच उड्या मारतात. तुम्ही मारू नका. गाडी डोंबिवलीहूनच सुटणारी असेल तरी नाही. एक सीट मिळवायला लोकांनी पाय गमावलेत. गाडी थांबली की दाराच्या मधल्या दांड्याच्या कुठल्यातरी एका बाजूने लोंढ्याबरोबर आत व्हा, अंग आखडून उलटा जोर लावू नका, तसं केलं की पडायला होतं. आत पाय पडला की दारात अडकून न राहता सरळ आत सरका. पाय नीट टेकत नसेल तर ती गाडी सोडा. मागून दुसरी येते, बॉस काय बोलेल तो बोलू दे.

ठाणे-दिवा मधला मुंब्र्याचा वळणाचा भाग आहे, तिथे २०२५ च्या ९ जूनला दोन गाड्या शेजारून जाताना दारात लटकलेली माणसं एकमेकांना घासून खाली पडली, काहींचा जीव गेला. त्यानंतर साध्या लोकललाही आपोआप बंद होणारी दारं बसवायचं ठरलं. ती सगळ्या गाड्यांना लागेपर्यंत दार उघडंच आहे असं धरून चला. दारात उभं राहणं हौसेचं वाटतं पण तिथे आणखी एक प्रकार चालतो, फटका. रुळाच्या बाजूला खांबाशी कुणीतरी काठी घेऊन उभा असतो आणि दारातल्या माणसाच्या हातावर मारतो, मोबाइल खाली पडला की तो घेऊन पळतो. मोबाइलपेक्षा, दचकून तोल गेला तर काय, याचा विचार करा.

आत गेल्यावर

रेल्वेच्या हिशोबात भरगच्च लोकलमध्ये एका चौरस मीटरमागे १४ ते १६ माणसं असतात. एवढ्या माणसांत रोज भांडणं होत नाहीत त्याला कारण आतले नियम, जे कुठे लिहिलेले नाहीत.

सीटचं असं आहे. आत शिरल्यावर बसलेल्या बायकांकडे बघून विचारायचं, "कुठे?" ती म्हणते, "घाटकोपर." मग तुम्ही म्हणायचं, "मला द्या." ती मान हलवते, झालं, घाटकोपरला ती सीट तुमची. मध्ये दुसरी कुणी येऊन विचारलं तर ती स्वतःच सांगते, "दिलीये," आणि बोटाने तुम्हाला दाखवते. तुम्ही दोन माणसं सोडून उभ्या असलात तरी ती उठताना तुम्हाला शोधून हाक मारेल, "ओ निळा ड्रेस, या." कधी लांबून नुसती खूण चालते, भुवया उडवल्या की समोरची ओठांनी स्टेशन सांगते. एकदा दिलेली सीट दुसऱ्याच कुणी बळकावली तर अख्खा डबा बोलायला लागतो. पुरुषांच्या डब्यातही हेच, फक्त तिथे ग्रुप असतात, त्यांच्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या, नवीन माणसाने पहिल्या महिन्यात त्या कोपऱ्यात वाद घालू नये असं माझ्या भावाचं म्हणणं.

तीन जणांच्या बाकावर चौथी सीट असते. "जरा सरकून घ्या ना" म्हटलं की सरकतात, तुम्हालाही उद्या सरकायचंय. चौथीवर अर्धंच बसता येतं, पण चाळीस मिनिटं उभं राहण्यापेक्षा बरं.

लांबच्या गाडीत जवळचं स्टेशन असलेल्याने चढू नये हा अजून एक नियम. कर्जत-कसाऱ्याची गाडी असेल आणि तुम्हाला ठाण्याला उतरायचं असेल तर संध्याकाळी बोलणी खावी लागतात. त्यांचंही बरोबर आहे, कसारा १२० किलोमीटर आहे, त्यांना दुसरी गाडी लवकर नसते आणि तुम्हाला दर तीन-चार मिनिटांनी असते.

बॅग वरच्या फळीवर ठेवलीत तर डबा तोच लक्षात ठेवा. गाडीत काही राहिलं, कुणी त्रास दिला, काहीही झालं तर १३९. रात्री ९ नंतर लेडीज डब्यात पोलीस असतो, उशीर झाला की तोच डबा शोधायचा, मोकळा आहे म्हणून दुसऱ्या एकट्या डब्यात बसायचं नाही.

उतरताना

नवीन माणूस इथेच फसतो. स्टेशन आल्यावर उठलात तर तुम्ही पुढच्या स्टेशनला उतरणार. कुर्ल्याला उतरायचंय तर घाटकोपर गेलं की दाराकडे सरकायला लागायचं. पुढच्याच्या खांद्याला हात लावून विचारायचं, "कुर्ला?" तो हो म्हणाला तर त्याच्या मागे उभं राहायचं, तो आपल्याला घेऊनच जातो. नाही म्हणाला तर तो बाजूला होऊन तुम्हाला पुढे जाऊ देईल, जागेची अदलाबदल. प्लॅटफॉर्म कुठल्या बाजूला येणार तेही आधीच विचारून घ्या, चुकीच्या दाराशी उभे असलात तर अख्खा डबा ओलांडणं केवळ अशक्य.

आणि पूल कितीही लांब असला तरी रूळ ओलांडायचे नाहीत. लोकलच्या रस्त्यावर सगळ्यात जास्त माणसं त्यानेच जातात.

आता बीकेसी

इथे चार रस्ते आहेत आणि प्रत्येकाचा एक भक्त आहे. आधी एवढं बघा की तुमचं ऑफिस कलानगरच्या, म्हणजे वांद्र्याच्या, बाजूला आहे की कुर्ल्याच्या बाजूला, कारण बीकेसी एवढं पसरलंय की आतल्या आतच वीस मिनिटं चालावं लागतं.

कुर्ला पश्चिमेला उतरून शेअर रिक्षा किंवा बेस्टची बस, हा सगळ्यात सरळ. एकच गाडी, एक रिक्षा. पण सकाळी कुर्ल्याचा पूल आणि बाहेरचा रस्ता दोन्ही भरलेले, आणि पावसात रिक्षावाले मनाला येईल तो आकडा सांगतात. मीटरने रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे, शेअरचं प्रत्येक लाइनचं वेगळं ठरलेलं असतं, बसायच्या आधी शेजारच्या पॅसेंजरला विचारा, रिक्षावाल्याला नको.

दुसरा, दादरला उतरून वेस्टर्नची स्लो पकडून वांद्रे, मग पूर्वेला बस-रिक्षा. कलानगरच्या बाजूला ऑफिस असेल तर हा बरा. दादरला गोंधळ होऊ देऊ नका, २०२३ च्या डिसेंबरपासून तिथे नंबर सलग केलेत, वेस्टर्नचे १ ते ७ आणि सेंट्रलचे ८ ते १४. कुणी जुना माणूस "सेंट्रलचा एक नंबर" म्हणाला तर तो आताचा आठ.

तिसरा मेट्रोचा. घाटकोपरला उतरून वरच्या वर पुलावरूनच मेट्रो १, ही २०१४ मध्ये सुरू झालेली वर्सोव्याची मेट्रो, तिने मरोळ नाक्यापर्यंत, तिथे खाली उतरून भुयारी मेट्रो ३, ती थेट बीकेसीला. ही मेट्रो ३ आरे ते बीकेसी अशी २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाली आणि वर्षभराने कफ परेडपर्यंत पोचली. नकाशात उलटा वळसा दिसतो, पैसे जास्त जातात आणि घाटकोपरला मेट्रोची रांग कधी कधी जिन्यापर्यंत येते, गाडीला डबे चारच. तरीसुद्धा पावसाळ्याच्या चार महिन्यांत मी हाच रस्ता धरते, कारण रस्त्यावरचं पाणी आणि ट्रॅफिक दोन्ही टळतं. तिकीट आधीच काढून ठेवा, खाली गेल्यावर नेटवर्कचा भरवसा नाही. सुटी तिकिटं मुंबई वन अ‍ॅपवर सगळ्यांची एकत्र निघतात, दोन्ही मेट्रोंसाठी वेगवेगळी रांग लावायची गरज पडत नाही.

चौथा शीव, म्हणजे सायन. पूर्वी स्लो गाडीने शीवला उतरून बस घेणारे बरेच होते. तिथला रेल्वेवरचा जुना पूल २०२४ च्या १ ऑगस्टपासून नव्याने बांधायला बंद केला आणि त्या भागातल्या वाहतुकीचं गणितच बिघडलं, तेव्हा हा रस्ता कुणी सुचवला तर आधी आताची परिस्थिती विचारून घ्या. प्रभादेवीचा पूलही २०२५ च्या सप्टेंबरमध्ये पाडायला घेतला. या शहरात सध्या दर सहा महिन्यांनी कुठला तरी पूल बंद होतो आणि कुठली तरी मेट्रो सुरू होते, म्हणून वर्षातून दोनदा आपला रूट पुन्हा तपासायचा, सवय झालीय म्हणून त्याच रस्त्याने घासत राहायचं नाही.

कुर्ला असो की दादर, पुलावर थांबायचं नाही. २०१७ च्या २९ सप्टेंबरला एल्फिन्स्टन रोड (आताचं प्रभादेवी) स्टेशनच्या अरुंद पुलावर असंच झालं, बाहेर पाऊस म्हणून लोक जिन्यात थांबले, मागून गाड्या येत राहिल्या, चेंगराचेंगरीत २३ माणसं गेली. पुलावर गर्दी हलत नसेल तर खाली प्लॅटफॉर्मवर मोकळ्या टोकाला पाच मिनिटं उभे राहा.

शहरात रिक्षा वांद्रे आणि शीवच्या पुढे दक्षिणेला नाहीच, तिथे काळी-पिवळी टॅक्सी, किमान ३१ रुपये, हे गावाकडून आलेल्यांना बऱ्याचदा माहीत नसतं. बेस्टचं किमान भाडं २०२५ च्या मे महिन्यापासून साध्या बसला १० आणि एसीला १२.

संध्याकाळ

संध्याकाळी घाई करू नका, हा माझा खरा सल्ला. सहाला सुटून साडेसहाची फास्ट कुर्ल्याहून पकडायला जाल तर तीन गाड्या सोडाव्या लागतील. त्यापेक्षा स्लोने जा. डोंबिवलीपर्यंत स्लो आणि फास्टमध्ये फार तर वीस मिनिटांचा फरक, आणि स्लोमध्ये विक्रोळी-मुलुंडला माणसं उतरत जातात, ठाण्यानंतर बसायलाही मिळतं. ऑफिस लोअर परळ-प्रभादेवीकडे असेल तर परळहून सुटणाऱ्या गाड्यांच्या वेळा पाठ करा, दादरला लटकण्यापेक्षा एक स्टेशन मागे जाऊन बसून या.

डोंबिवलीला उतरल्यावर पूर्वेला इंदिरा गांधी चौकात रिक्षाच्या लाइनी असतात, लाइन मोडून मध्ये घुसलात तर पुढचे-मागचे दोघेही सोडत नाहीत.

रविवार आणि पाऊस

रविवारी सेंट्रल आणि हार्बरवर मेगाब्लॉक असतो, वेस्टर्नवाले त्याला जम्बो ब्लॉक म्हणतात. शनिवारी बातमी बघायची, कुठून कुठपर्यंत आणि किती ते किती. मोठं काम असलं की तासांचे दिवस होतात, २०२४ च्या मेअखेरीस ठाण्याचा प्लॅटफॉर्म रुंद करायला ६३ तासांचा ब्लॉक होता, तेव्हा वर्क फ्रॉम होम मागून घेतलेलं शहाणपणाचं ठरलं.

पावसात शीव, कुर्ला, चुनाभट्टी इथे रुळांवर पाणी भरतं, भरतीच्या वेळेला धो धो पाऊस असला की जास्तच. सकाळी निघायच्या आधी भरतीची वेळ आणि यात्री अ‍ॅप बघा, कल्याण-कुर्ला चालू आणि पुढे बंद असंही होतं. दुपारीच गाड्या रखडायला लागल्या तर ऑफिसात विचारत बसू नका, सरळ निघा, किंवा मग अजिबात निघू नका, रात्री पाणी ओसरेपर्यंत ऑफिसातच थांबा. मधल्या मध्ये संध्याकाळी सातला निघणं सगळ्यात वाईट. गाडी दोन स्टेशनांच्या मध्ये थांबली आणि लोक उड्या मारून रुळातून चालायला लागले तरी तुम्ही बसून राहा, पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही आणि शेजारच्या रुळावर गाडी कधी येईल सांगता येत नाही. ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये एक जोडी कपडे, चप्पल, बिस्किटचे पुडे आणि चार्जर जूनच्या पहिल्या आठवड्यातच नेऊन ठेवा, दुसऱ्या आठवड्यात नेलेत तर तेही भिजलेले असतात.